लेथवर आटे पाडायचे असतील तर आधी थांबायला शिका

सोयाबीन निघायच्या टायमाला थ्रेशरचे शाफ्ट, ट्रॉलीच्या पिना, संत्र्याच्या बगिच्यातल्या फवारणी पंपाचे स्पेअर, असं सगळं एकदमच लेथवर येऊन पडते आणि त्यातलं बरंचसं काम आट्याचं असते. नवीन पोट्टे फेसिंग-टर्निंग लवकर शिकून घेतात, पण थ्रेडिंगवर म्हणजे आटे पाडण्यावर आले की काही जण घाबरतात आणि काही जण अजिबातच घाबरत नाहीत, आणि मला काळजी या न घाबरणाऱ्यांचीच वाटते. म्हणून हे जरा सविस्तर लिहून राहिलो. ज्याला लेथ चालू-बंद करणं, चकमध्ये जॉब पकडणं, व्हर्निअर वाचणं येते त्याच्यासाठी हे आहे, अगदीच नवीन असाल तर आधी साधं टर्निंग हातात बसवा.

थ्रेडिंग वेगळं काऊन आहे ते पहिले समजून घ्या. टर्निंग करताना कॅरेज म्हणजे टूल घेऊन सरकणारी गाडी हळूहळू सरकते, एका फेऱ्याला ०.१ मिमी वगैरे, तुमचं लक्ष क्षणभर हटलं तरी खांद्यापाशी, म्हणजे जॉबचा व्यास जिथे एकदम वाढतो तिथे, पोचायला वेळ असतो. आटे पाडताना हाफ नट म्हणजे कॅरेजमधला दोन फाकांचा नट लीड स्क्रूला, म्हणजे कॅरेज ओढणाऱ्या लांब स्क्रूला, धरते आणि कॅरेज स्पिंडलला बांधल्यासारखी होते, स्पिंडलच्या एका फेऱ्यात ती पूर्ण एक पिच, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर, पुढे जाणार म्हणजे जाणारच. एम २० च्या म्हणजे २० मिमी मेट्रिक आट्याची पिच २.५ मिमी. स्पिंडल २०० आरपीएमला फिरत असेल तर टूल सेकंदाला ८ मिमीच्या वर पळते. खांद्यापाशी तुम्ही साडेसात मिमीची खाच ठेवली असली तरी ती एका सेकंदाच्या आत पार होते, आणि त्याच्या पुढे जॉबचा खांदा, त्याच्या पुढे चकचे जबडे. तेच ५० आरपीएमला ठेवा, तीच खाच पार व्हायला साडेतीन सेकंद लागतात. साडेतीन सेकंदात माणूस टूल बाहेर काढू शकतो, एका सेकंदात नवीन माणूस नाही काढू शकत. म्हणून शिकताना स्पिंडल हळू फिरवणारा बॅक गिअर टाका आणि ४०-५० आरपीएमच ठेवा, कोणी हसलं तरी हसू द्या.

अंगावरचं आधी पाहून घ्या

हाताला बांधलेला काळा-लाल दोरा, कडं, अंगठी, घड्याळ, राखी, हे सगळं काढून ठेवायचं. दोरा देवाचा असला तरी मशीन सुरू करायच्या आधी खिशात ठेवा, श्रद्धा खिशातही राहते. खांद्यावरचा दुपट्टा किंवा गमछा, गळ्यातली माळ, मुली शिकत असतील तर ओढणी आणि मोकळी वेणी, यातलं काहीच फिरत्या जॉबच्या जवळ नको. बाह्या कोपराच्या वर. हातमोजे घालून लेथ चालवायची नाही म्हणजे नाहीच, हातमोजा अडकला की बोटं सोबत जातात. डोळ्याला गॉगल पाहिजे, पायात चप्पल नाही, बूट.

ताज्या आट्याची धार ब्लेडसारखी असते आणि कॉटन वेस्टचा एक धागा जरी तिच्यात अडकला तरी मशीन तो धागा, मग तो गोळा, मग तो धरलेला हात, असं ओढत नेते. आपल्या कपाशीच्या मुलखात कॉटन वेस्ट हाताशी पडलेलंच असते म्हणून हे मुद्दाम सांगून राहिलो. आटा पुसायचा तर मशीन पूर्ण थांबल्यावरच, आणि ब्रशनं. तेल लावायचं तेही लांब दांडीच्या ब्रशनं किंवा तेलाच्या डब्याच्या नळीनं. आटा कसा आला हे फिरत्या जॉबवर बोट ठेवून कधीच पाहायचं नाही.

चकची चावी चकमध्ये सोडून हात काढायचाच नाही, चावी आणि हात सोबतच बाहेर आले पाहिजेत.

लाइट आणि स्टार्टर

आपल्या भागात यावर जास्त बोललं पाहिजे. लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि आटे पाडताना लाइट गेली तर टूल आट्यात रुतलेलं, हाफ नट लागलेला आणि स्विच चालूच, अशा स्थितीत मशीन उभी राहते. तुम्ही वाकून टूल पाहत असताना लाइट आली तर काय होईल याचा विचार करा. म्हणून लेथला असा स्टार्टर पाहिजे की लाइट गेली की तो आपोआप सुटेल आणि हिरवं बटन दाबल्याशिवाय परत लागणार नाही. डीओएल स्टार्टरमध्ये हे काम नो-व्होल्ट कॉईल करते. जुन्या मशीनीला नुसता फॉरवर्ड-रिव्हर्सचा हँडलवाला स्विच असतो, तो लाइट गेली तरी लागलेलाच राहतो, त्याच्या आधी डीओएल स्टार्टर लावून घ्या. आणि शेतातल्या मोटरला आपण जो ऑटो स्विच लावतो, लाइट आली की पंप आपोआप सुरू होणारा, तो लेथच्या लाइनवर चुकूनही लावू नका. एक फेज उडाला की थ्री फेज मोटर नुसती गुंगुं करते, तेव्हाही आधी मेन बंद आणि मगच तपासणी.

स्विच कुठे बसवलेला आहे तेही पाहा. चालू मशीनीवर चकच्या वरून हात नेऊन स्विच दाबावा लागत असेल तर तो स्विच आधी हलवा, थ्रेडिंग नंतर. या कामात दर पासला, म्हणजे टूलच्या दर फेरीला, स्विचला हात जाणार आहे.

आटा कोणता आहे ते ओळखा

गावातल्या हार्डवेअरमध्ये बोल्ट अजूनही सुतात मागतात, पाच सुताचा, सहा सुताचा. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुताचा जुना बोल्ट बहुतेक वेळा बीएसडब्ल्यू म्हणजे व्हिटवर्थ आटा असतो, जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ मध्ये मांडलेला, ५५ अंशाचा. मेट्रिक आटा ६० अंशाचा. गोंधळ होतो तो जवळच्या मापात. सहा सूत म्हणजे पाऊण इंच, १९.०५ मिमी, इंचाला १० आटे, म्हणजे पिच २.५४ मिमी. आणि एम २० ची पिच २.५ मिमी. पिच गेज म्हणजे आट्यावर लावून पाहायची दात्यांची पट्टी थोड्याशा लांबीवर लावला तर दोन्ही बसल्यासारखे दिसतात. खात्री करायची तर दहा आट्यांची लांबी मोजा, व्हिटवर्थची २५.४ येईल, मेट्रिकची २५. पाच सुताचं त्या मानानं सोपं आहे, ११ टीपीआय (इंचाला ११ आटे) म्हणजे पिच २.३१ च्या जवळ आणि एम १६ ची २, गेज लगेच फरक दाखवते. कास्तकारानं जुना नट सोबत आणला असेल तर सोन्याहून पिवळं, त्याच नटावर फिट करून द्यायचं.

पुढचं सगळं एम २० × २.५ धरून सांगतो, उजव्या हाताचा बाहेरचा आटा, एमएसच्या म्हणजे माइल्ड स्टीलच्या शाफ्टवर, ४० मिमी लांब. दुसऱ्या मापाला आकडे बदलतील, पद्धत तीच.

गिअर

गिअर बॉक्सची मशीन असेल तर पट्टीवरचा तक्ता पाहून लिव्हर टाका आणि काम संपलं. आपल्याकडे जुन्या राजकोट-बटाल्याच्या साडेचार फुटी, सहा फुटी मशीनी जास्त, त्यात चेंज गिअर हातानं बदलावे लागतात. हिशोब एवढाच, की जॉबची पिच भागिले लीड स्क्रूची पिच बरोबर चालवणारे गिअर भागिले चालणारे गिअर. लीड स्क्रू ६ मिमीचा असेल तर २.५ भागिले ६, म्हणजे ५ भागिले १२, म्हणजे २५ दाते वर (स्पिंडलकडे) आणि ६० खाली (लीड स्क्रूवर), किंवा ५० वर आणि १२० खाली. लीड स्क्रू इंचाचा, ४ टीपीआय असेल तर त्याची पिच ६.३५ मिमी, मग ५० वर आणि १२७ खाली. हा १२७ चा गिअर इंचाच्या मशीनवर मेट्रिक आटा अचूक पाडायला लागतोच, कारण इंच म्हणजे २५.४ मिमी आणि १२७ त्याचा बरोबर पाचपट.

गिअर बदलताना मेन स्विच बंद, नुसतं मशीनचं बटन नाही. दोन गिअरमध्ये कागदाची पट्टी घालून जुळवा, मग पट्टी काढा, तेवढी फट बरोबर असते. झाकण लावल्याशिवाय सुरू करू नका.

आता हाफ नटचा विषय. काही पिचला हाफ नट उघडून कॅरेज हातानं मागे आणली आणि कुठेही परत लावली तरी टूल त्याच आट्यात पडते. ६ मिमीच्या लीड स्क्रूवर १, १.५, २, ३ मिमी या पिच अशा आहेत, कारण ६ ला त्यांनी पूर्ण भाग जातो. ४ टीपीआयच्या लीड स्क्रूवर ८, १२, १६ टीपीआय. पण २.५ मिमी यात बसत नाही, १.७५ ही नाही. अशा वेळी एकदा लावलेला हाफ नट आटा पूर्ण होईपर्यंत उघडायचाच नाही, टूल बाहेर काढून मोटर उलटी फिरवून कॅरेज मागे न्यायची. शिकणाऱ्यानं सगळ्याच पिचला हीच पद्धत वापरली तरी चालते, वेळ जास्त लागते पण आटा कधी चुकत नाही. एकच अट, ज्या मशीनीचा चक आट्यावर बसवलेला आहे तिथे मोटर उलटी करताना आधी स्पिंडल पूर्ण थांबू द्या. वेगात झटक्यानं उलटी केली तर चक सुटून तुमच्या पायावर येऊ शकतो.

जॉबची तयारी

चकच्या बाहेर जॉब व्यासाच्या तिप्पटपेक्षा जास्त लांब निघत असेल तर टेलस्टॉकचा रिव्हॉल्व्हिंग सेंटर लावा, नाहीतर जॉब वाकतो आणि आटा टोकाकडे जाड येतो. व्यास पूर्ण २० ठेवायचा नाही, १९.८ पर्यंत टर्निंग करा, आटा पाडताना कडा थोडी वर सरकते. टोकाला ४५ अंशाचा चांफर म्हणजे तिरपी कड, तो आट्याच्या मुळापेक्षा थोडा खाली गेला पाहिजे, म्हणजे नट सरळ चढतो. खांद्यापाशी खाच म्हणजे अंडरकट, रुंदी तीन पिच म्हणजे साडेसात मिमी, खाचेचा व्यास १६.४. एम २० च्या बोल्टाचा मुळाचा व्यास १६.९३ आहे, म्हणून खाच त्याच्या खाली पाहिजे, नाहीतर शेवटच्या पासला टूल खाचेतच घासते. ड्रॉइंगमध्ये खाच चालत नसेल तर ते काम शिकाऊनं घेऊच नये, निदान पहिल्या वर्षी.

टूल

एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलचं) टूल, ६० अंश, सेंटर गेजमध्ये म्हणजे कोन तपासायच्या खाचेच्या पट्टीत धरून उजेडाकडे पाहायचं, दोन्ही बाजूनं उजेडाची रेघ दिसली नाही पाहिजे. वरून सपाट, टॉप रेक म्हणजे वरचा उतार शून्य. बाजूच्या क्लिअरन्समध्ये डावी बाजू, म्हणजे जी चककडे पुढे जाते ती, जास्त सोडायची. एम २० चा आटा अडीच अंशाच्या आसपास तिरपा चालतो, म्हणून डावीकडे ८ ते १० अंश दिला तर टूलची कंबर घासत नाही. टोक सुईसारखं ठेवू नका, ऑइल स्टोननं हलकंसं गोल करा, नाहीतर पहिल्याच पासला टोक उडते आणि तो तुकडा आट्यात बसून पुढच्या पासला टूल फोडते.

टूलचं टोक सेंटरच्या उंचीवर बरोबर. टेलस्टॉकच्या सेंटरला टेकवून पाहा, पॅकिंग घालून जुळवा. वर राहिलं तर घासते, खाली राहिलं तर जॉब त्याच्यावर चढायला पाहतो.

कंपाउंड स्लाइड (टूल पोस्टखालची फिरवता येणारी वरची स्लाइड) क्रॉस स्लाइडच्या (टूल जॉबकडे आतबाहेर नेणाऱ्या स्लाइडच्या) रेषेपासून २९.५ अंश फिरवा, हँडल टेलस्टॉककडे येईल असं. व्हिटवर्थला २७ अंश. काही मशीनींवर शून्य वेगळ्या जागी असते आणि तिथे हाच कोन ६०.५ वाचावा लागतो, म्हणून आकड्यावर जाऊ नका, डोळ्यानं पाहा की कंपाउंड क्रॉस स्लाइडच्याच दिशेला आहे आणि फक्त ३० अंशाच्या जरा आत कललेलं आहे. कंपाउंड फिरवून झाल्यावरच सेंटर गेज जॉबला लावून टूल काटकोनात घट्ट करा, आधी करून काही फायदा नाही. एवढी खटपट कशासाठी, तर असं केलं की टूल डाव्या धारेनंच कापते आणि बुरादा एकाच बाजूनं मोकळा निघतो. सरळ आत घातलं तर दोन्ही धारेचा बुरादा मधात एकमेकावर येतो, अडकतो, आणि खोल पासला टूल जॉबमध्ये गचकन घुसते.

हवेतले पास

खरं शिकणं इथे आहे आणि याच गोष्टीला लोक टाळतात. टूल जॉबपासून चांगलं ५ मिमी दूर ठेवा. कॅरेज लॉक सुटलेला आहे ना पाहा, ऑटो फीडचा लिव्हर बंद आहे ना पाहा, जुन्या मशीनीत फीड आणि हाफ नट एकदम न लागण्याचा अडसर घासलेला असतो, त्याच्यावर भरवसा नाही. सेंटर लावला असेल तर टूल पोस्ट टेलस्टॉकला अडत नाही ना, तेही हातानं कॅरेज फिरवून पाहा.

मशीन सुरू करा, हाफ नट लावा, आणि टूल खाचेच्या मधात आलं की एका हातानं क्रॉस स्लाइडचं हँडल फिरवून टूल बाहेर, दुसऱ्या हातानं स्विच बंद. क्रम पक्का पाहिजे, आधी टूल बाहेर मग स्विच. मग उलटी मोटर, कॅरेज मागे, जॉबच्या टोकाच्या बाहेर ८-१० मिमी येऊ द्या म्हणजे गिअरची ढिलाई निघून जाते, बंद, टूल परत शून्यावर, परत सुरू. हे हवेत करत राहा. तोंडानं बोला पाहिजे तर, बाहेर, बंद, उलटी, आत. हात आपोआप चालायला लागले, कोणी मधात आवाज दिला तरी क्रम मोडला नाही, तेव्हाच टूल जॉबला लावा. आणि थ्रेडिंग चालू असताना गिऱ्हाईक बोलायला आला तर त्याच्याकडे पाहू नका, पास संपवा, मशीन बंद करा, मग रामराम.

क्रॉस स्लाइडचं हँडल परत आणताना एक पूर्ण फेरी जास्त झाली तर शून्य शून्यच दिसते, पण टूल कित्येक मिमी आत गेलेलं असते. म्हणून बाहेर काढताना दर वेळी सारखीच एक फेरी काढायची आणि तेवढीच आणायची, किंवा क्रॉस स्लाइडवर थ्रेड स्टॉप म्हणजे ठरलेल्या जागी अडवणारा अडसर लावून घ्या.

आता कापा

टूल फिरत्या जॉबला अगदी टेकवा, क्रॉस स्लाइडची आणि कंपाउंडची दोन्ही डायल शून्यावर करा. यानंतर खोली द्यायची ती फक्त कंपाउंडनं, क्रॉस स्लाइड फक्त आतबाहेर करायला.

पहिला पास ०.०५ मिमी. नुसता ओरखडा. मशीन थांबवा आणि त्या ओरखड्यावर पिच गेज ठेवा, गेजचा प्रत्येक दात त्या बारीक रेषेवर पडला पाहिजे. शेवटचा दात रेषेच्या बाजूला पडला तर गिअर चुकला आहे, आणि जॉब अजून वाचवता येतो. हा एक मिनिट कधीच वाचवू नका.

मग तेल. कटिंग ऑइल असेल तर उत्तम. एम २० ला आट्याची खोली पिचच्या ०.६१३ पट म्हणजे १.५३ मिमी, पण कंपाउंड तिरपं असल्यानं त्याच्या डायलवर १.७६ होते. ओरखड्यानंतर ०.२५ चे दोन पास, ०.२० चे दोन, ०.१५ चे दोन, ०.१० चे दोन, आणि नंतर ०.०५ चे सहा, असे १.७५ वर येता. सुरुवातीला टूलचं फक्त टोक कापते म्हणून जास्त खोली झेपते, शेवटी धारेची पूर्ण लांबी कापत असते म्हणून कमी. हेही ध्यानात असू द्या की कंपाउंडमुळे शेवटपर्यंत टूल जवळपास ०.९ मिमी चककडे सरकलेलं असते, पहिल्या पासला खाचेत जिथे थांबत होता त्याच्या तेवढं पुढे. खाच रुंद ठेवायला सांगितलं ते यासाठीही.

कान उघडे ठेवा. चांगलं कापताना बारीक सुर्र असा एकसारखा आवाज येतो आणि बुरादा एका बाजूला वळून निघतो. किर्र आवाज आला, आट्याचा रंग दुधी झाला किंवा पापुद्रे निघाल्यासारखे दिसले तर टूल बोथट आहे, नाहीतर वर बसलं आहे, नाहीतर स्लाइडची जिब म्हणजे ढिलाई काढायची पट्टी ढिली आहे. स्पीड वाढवून ते सुधरत नाही.

बुरादा आट्यात गुंडाळला गेला तर मशीन थांबवा आणि हुकानं काढा. हातानं नाही.

नट फिट करणं

कंपाउंड १.६ च्या पुढे गेलं की नवा नट घेऊन पाहायला लागा. जॉब चकमधून काढायचा नाही, सेंटर मागे घ्यायचा, टूल बाहेर, स्टार्टर बंद, मग आटा ब्रशनं साफ करून नट चढवायचा. आधी आट्यांच्या शेंड्यावरची बर म्हणजे उठलेली धारदार कड कानसीनं किंवा पॉलिश पेपरनं काढावी लागते. कानस मारताना तिला लाकडी मूठ पाहिजे, मुठीचा हात डावा, म्हणजे हात चकवरून जात नाही. पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून फिरत्या आट्यावर धरणं म्हणजे बोट देणं आहे, थांबलेल्या जॉबवरच घासा. नट दोन आटे चढून अडला तर जोर लावू नका, अजून ०.०५ द्या. शेवटी खोली न वाढवता त्याच मापावर एक-दोन पास मारा, टूल आणि जॉबमध्ये जो ताण राहिलेला असतो तो निघतो, बरेचदा नट तेवढ्यानंच बसते. हातानं शेवटपर्यंत जावा आणि हलवला तर खडखडू नये, आपल्या थ्रेशर-ट्रॉलीच्या कामाला एवढं पुरते.

मधातच लाइट गेली किंवा टूल उतरवावं लागलं तर

लाइट गेली की पहिले स्टार्टर आणि मेन दोन्ही बंद करा. मग चक हातानं थोडा उलटा फिरवून टूल मोकळं करा आणि क्रॉस स्लाइडनं बाहेर घ्या. जोरानं ओढून काढलं तर टोक आट्यातच राहते. हाफ नट उघडला नाही तर लाइट आल्यावर काहीच जुळवायची गरज नाही, टूल बाहेर ठेवून कॅरेज मागे आणा आणि पुढचा पास सुरू करा.

टूलला परत धार लावली असेल, किंवा हाफ नट उघडला गेला असेल, तर आटा परत पकडावा लागतो. टूल सेंटर गेजनं पुन्हा काटकोनात बसवा, जॉबपासून दूर ठेवून मशीन सुरू करा, हाफ नट लावा, आणि टूल आट्याच्या मधोमध कुठेतरी आलं की मशीन बंद करा, हाफ नट लागलेलाच राहू द्या. उलटी फिरवू नका, नाहीतर गिअरची ढिलाई दुसऱ्या बाजूला जाते आणि जुळवलेलं खोटं ठरते. आता थांबलेल्या जॉबवर कंपाउंड आणि क्रॉस स्लाइड दोन्ही थोडे थोडे फिरवून टूलचं टोक बरोबर आट्याच्या खोबणीत नेऊन बसवा. मागे पांढरा कागद धरला की दोन्ही बाजूची फट सारखी आहे का ते छान दिसते. बसलं की क्रॉस स्लाइडची डायल तिथेच शून्य करा, कंपाउंडचा नवीन आकडा खडूनं हेडस्टॉकवर लिहून ठेवा, टूल बाहेर घ्या, कॅरेज मागे आणा, आणि एक पास खोली न देता मारून पाहा. टूल आट्यातून आवाज न करता गेलं म्हणजे जुळलं. मगच पुढचे ०.०५ द्या.